स्क्रॅबल: गुण घ्यावेत की अक्षरं राखावीत? बोर्ड कधी बंद करावा?

कोरा_ब्लँक

नमस्कार मंडळी. इंग्रजी स्क्रॅबल, कॉलिन्सची शब्दयादी, प्रत्येकी २५ मिनिटांचं घड्याळ. दोन अक्षरी शब्द पाठ आहेत, तीन अक्षरी बरेचसे, यू नसलेले क्यूचे शब्दही. त्यामुळे इथे शब्दसंग्रहाची चर्चा नको. शब्द दिसल्यावर दोन-तीन चालींमधली नेमकी कोणती निवडायची, हा माझा प्रश्न आहे. (शब्द देवनागरीत वाचताना गोंधळ होतो, म्हणून अक्षरं सुटी लिहितो.)

१. एका चालीत ३४ गुण मिळतात, पण रॅकवर (हातातल्या सात अक्षरांच्या पट्टीवर) आय, यू, व्ही उरतात. दुसरीत २६, पण ई, आर, टी उरतात. आठ गुण सोडणं परवडतं का? किती गुणांपर्यंत सोडावेत?

२. पहिलीच चाल. रॅकवर ए, ई, आय, एन, क्यू, आर, टी. क्लबात दोन तट पडले. एक म्हणतो, क्यू-आय लावा, २२ घ्या, ए-ई-एन-आर-टी राखा, पुढच्या खेपेला बिंगो (एकाच चालीत सातही टाइल, ५० गुणांचा बोनस). दुसरा म्हणतो, टी-आर-ए-एन-क्यू लावा.

३. ४० गुणांनी पुढे आहे, पिशवीत तीसेक टाइल आहेत. बोर्ड बंद करायला सुरुवात करावी का? म्हणजे नक्की काय करावं?

४. पिशवीत एक-दोन टाइल उरल्यावर विचार कसा करायचा?

---

सातवी_टाइल

पहिले दोन प्रश्न एकाच हिशेबात सुटतात. चालीची किंमत म्हणजे मिळालेले गुण अधिक मागे उरलेल्या अक्षरांची किंमत, म्हणजे लीव्ह. क्वॅकलसारख्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक लीव्हला आकडा दिलेला असतो. अख्खा तक्ता डोक्यात ठेवायची गरज नाही, हे ढोबळ आकडे पुरतात: ब्लँक (कोणतंही अक्षर मानता येणारी कोरी टाइल) अधिक २५, एस अधिक ८, झेड अधिक ५, ई अधिक ४, एक्स अधिक ३, डब्ल्यू उणे ४, यू उणे ५, व्ही उणे साडेपाच, क्यू उणे ७. हे सुट्या अक्षरांचे आकडे आहेत. जोड्या जमल्या की ते बदलतात. क्यूजवळ यू असेल तर दोघांचाही भाव सुधारतो. दोन आय किंवा दोन यू एकत्र आले की बेरजेपेक्षाही वाईट. ई मात्र दोन असले तरी फारसं बिघडत नाही.

आता तुमचं उदाहरण. आय-यू-व्ही ही लीव्ह सहज उणे दहाच्या खाली जाते. ३४ मधून ते वजा केले की २४ सुद्धा हाती राहत नाहीत. ई-आर-टी साधारण ५ अधिक, म्हणजे २६ चे ३१ झाले. आठ गुण बिनधास्त सोडा. तुमच्या जागी ३४ ऐवजी ४४ असते तर मात्र मी ४४ घेतले असते आणि व्हीचं काय करायचं ते पुढच्या चालीत बघितलं असतं.

दुसऱ्या प्रश्नात लीव्हच्या प्रेमात पडलेल्यांची गल्लत होते. टी-आर-ए-एन-क्यू हा शब्द, टी बोर्डाच्या मध्यावरच्या चांदणीवर (शब्द-दुप्पट घरावर) ठेवून, उजवीकडे लावा. आठव्या ओळीत क्यू बाराव्या घरात येतो आणि ते घर अक्षर-दुप्पट आहे. क्यूचे २० अधिक बाकी चारांचे ४ म्हणजे २४, चांदणीचे दुप्पट म्हणजे ४८. डावीकडे सरकवून लावलात तर क्यू चांदणीवर येतो आणि तोच शब्द फक्त ३० चा होतो, कारण टीवरच्या दुपटीने एकच गुण वाढतो. क्यू-आयचे २२. फरक २६ गुणांचा. ए-ई-एन-आर-टी कितीही देखणी लीव्ह असली तरी ई-आयपेक्षा २६ गुणांनी सरस नाही, जवळपासही नाही. शिवाय पाच टाइल गेल्या म्हणजे पाच नव्या येतात, आणि दोन्ही ब्लँक आणि चारातले चारही एस अजून न दिसलेल्यांत आहेत. वाईट बाजू एकच: शब्दाला शेवटी एस लागतो, त्यामुळे समोरच्याकडे एस असेल तर त्या हुकचे (तयार शब्दाला अक्षर जोडण्याचे) १५ गुण त्याला फुकट मिळतात. ते १५ मोजूनही ४८ च.

एस आणि ब्लँक खर्च करण्याचा नियमही यातूनच निघतो. एस घालून ८ ते १० गुण वाढत असतील तरच घाला. ब्लँकने २५-३० वाढायला हवेत, म्हणजे व्यवहारात बिंगोसाठीच. १२ गुणांच्या अनेकवचनावर एस उडवणारे खेळाडू प्रत्येक क्लबात सापडतात. शंभर टाइलमध्ये चारच एस आहेत, आणि अल्फ्रेड बट्सने ते मुद्दाम कमी ठेवले, नाहीतर प्रत्येक शब्दाला एस चिकटवत बसले असते लोक.

अदलाबदलीबद्दल: ई-आर-एस-यू-यू-व्ही-व्ही असा रॅक आला तर आठ-दहा गुणांच्या शब्दापायी तो आणखी कुजवू नका. यू-यू-व्ही-व्ही चारही बदला, ई-आर-एस ठेवा. शून्य गुण दिसायला वाईट दिसतात, पण पुढच्या दोन चालींत वसूल होतात. फक्त पिशवीत सातपेक्षा कमी टाइल उरल्या की बदलता येत नाही हे ध्यानात असू द्या. क्यू हातात असेल तर ती शेवटची संधी कधी येते त्यावर लक्ष हवं.

---

खोडरबर

तिसऱ्या प्रश्नाबद्दल.

४० गुणांची आघाडी म्हणजे एका बिंगोचा अर्धा. तीस टाइल पिशवीत असताना ती सुरक्षित नाही, पण घाबरून गुण सोडावेत इतकी कमीही नाही. माझा अंदाज: या टप्प्यावर बंद करण्यासाठी ५-६ गुणांपर्यंत किंमत द्या, जास्त नाही. आघाडी ७०-८० झाली आणि पिशवीत १५ राहिल्या की १५ गुण सोडणंसुद्धा योग्य ठरू शकतं.

'बंद करणं' म्हणजे काय ते बघा. समोरचा बिंगो दोन मार्गांनी लावतो. एक, सात अक्षरं हुक करून किंवा समांतर. दोन, बोर्डावरचं एक मोकळं अक्षर धरून आठ अक्षरी शब्द. तेव्हा आधी अशा रांगा मोजा. चार-पाच असतील तर एक बुजवून काही होत नाही, गुणच घ्या. दोनच उरल्या असतील तर एक बुजवण्याला अर्थ आहे, कारण मग प्रत्येक चालीला तुम्हाला फक्त एकच सांभाळायची असते.

बुजवायला उत्तम अक्षरं व्ही आणि सी. कॉलिन्समध्ये व्हीचा एकही दोन अक्षरी शब्द नाही, सीचा फक्त सी-एच. म्हणजे व्हीच्या शेजारून समांतर शब्द सरकवताच येत नाही, लांब शब्दच हवा. त्याउलट एच, एम, ओ, ए यांच्या शेजारी काहीही चिकटतं. जे शब्द एस घेत नाहीत किंवा आधीच अनेकवचनी आहेत, ते कडेच्या शब्द-तिप्पट घरांकडे तोंड करून ठेवा.

आणखी एक, ज्याकडे मधल्या पातळीवर हमखास दुर्लक्ष होतं. एक्स किंवा झेड अजून दिसलेला नाही आणि तुम्ही अक्षर-तिप्पट घराच्या शेजारी स्वर ठेवला, तर काय होतं? एक्स त्या तिप्पट घरात दोन्ही दिशांना शब्द करतो. २४ अधिक १, दोनदा, म्हणजे दोन टाइलमध्ये ५०. झेडचे ६२. स्वर एक घर पुढे-मागे ठेवून दोन गुण गेले तरी चालतील.

मागे असाल तर सगळं उलटं करायचं, पण त्यातही युक्ती आहे. एकच रांग उघडू नका, समोरचा ती लगेच बुजवेल. एका चालीत दोन रांगा उघडेल असा शब्द शोधा, त्यासाठी ८-१० गुण गेले तरी हरकत नाही. त्याला एकाच चालीत दोन्ही बुजवता येत नाहीत.

जाता जाता नायजेरियाची पद्धत. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थला वेलिंग्टन जिगेरे अंतिम फेरीत इंग्लंडच्या लुइस मकायला ४-० ने हरवून जगज्जेता झाला. तेव्हा त्या संघाबद्दल बरंच लिहून आलं, की हे लोक लांब शब्द दिसत असतानाही चार-पाच अक्षरी शब्द लावतात, चांगली अक्षरं राखतात आणि बोर्ड आवळतात. म्हणजे बोर्डावर ताबा ठेवून जिंकता येतं, हे सर्वोच्च पातळीवर सिद्ध झालेलं आहे.

---

सातवी_टाइल

खोडरबर, नायजेरियाचा दाखला अर्धाच लागू होतो. त्या खेळाडूंना लांब शब्द येत नव्हते असं नाही, सगळे येत होते आणि त्यातून ते निवड करत होते. ज्याला सात अक्षरीपैकी निम्मे दिसतच नाहीत त्याने 'मी छोटे शब्द खेळतो' म्हणणं म्हणजे कोल्ह्याला द्राक्षं आंबट. ५० गुणांचा बोनस सोडून छोटा शब्द लावणं बरोबर ठरेल अशा स्थिती थोड्या असतात. आघाडी मोठी, पिशवी जवळपास रिकामी आणि बिंगोने बोर्ड फाटतो, अशा वेळी विचार करा. एरवी ५० घ्या.

पाच-सहा गुणांच्या तुमच्या मर्यादेशी मात्र सहमत.

---

कोरा_ब्लँक

टी-आर-ए-एन-क्यू ४८ ला बसतो हे पटलं, टाइल मांडून बघितली. दोन उपप्रश्न. स्वर-व्यंजनांचा समतोल राखा असं सगळे म्हणतात, पण नक्की किती? आणि टाइल ट्रॅकिंग मी फक्त शेवटी करतो, आधीपासून करण्याचा खरंच फायदा आहे का?

---

पिशवीचा_तळ

आधी ट्रॅकिंग, कारण चौथा प्रश्न त्यावरच उभा आहे.

कागदावर शंभर अक्षरं ओळीत छापून घ्या आणि प्रत्येक चालीनंतर खोडा. समोरच्याची चाल खोडायची वेळ म्हणजे पिशवीतून तुमच्या टाइल काढून झाल्यावर, त्याचं घड्याळ चालू असताना. न दिसलेल्या टाइल वजा ७ बरोबर पिशवीतल्या टाइल. हा ताळा जुळला नाही तर कुठेतरी खोडायचं राहिलंय, आणि ते शेवटच्या तीन चालींत कळण्यापेक्षा मधेच कळलेलं बरं.

मध्यावर फायदा असा. समजा ४० टाइल दिसलेल्या नाहीत आणि त्यात दोन एस आहेत. समोरच्याच्या सात टाइलमध्ये निदान एक एस असण्याची शक्यता ३२ टक्के. म्हणजे तिप्पट घराकडे जाणारा एसचा हुक उघडा सोडलात तर तीनातून एकदा तुम्ही मार खाणार. एकच ब्लँक उरला असेल तर तो त्याच्याकडे असण्याची शक्यता साडेसतरा टक्के, आणि चार टाइल काढताना तो तुम्हाला मिळण्याची १० टक्के. 'आता ई येईल' ही आशासुद्धा मोजता येते: ३० न दिसलेल्यांत पाच ई आणि तुम्ही तीन टाइल काढणार, तर निदान एक ई यायची शक्यता ४३ टक्के. निम्म्याहून कमी.

समतोलाचं उत्तरही इथेच आहे. पूर्ण संचात ४२ स्वर, ५६ व्यंजनं, २ ब्लँक. म्हणून सुरुवातीला रॅकवर तीन स्वर, चार व्यंजनं हे प्रमाण ठीक. पण हा नियम पिशवीच्या बदलत्या मालाप्रमाणे हलवायचा असतो. ३६ टाइल दिसलेल्या नाहीत आणि त्यात २० स्वर आहेत, तर दोन स्वर राखून ठेवण्यात काय हशील? व्यंजनं ठेवा, स्वर आपोआप येतील. ट्रॅकिंगशिवाय हे कळत नाही.

आता शेवट. न दिसलेल्या टाइल ८ उरल्या म्हणजे पिशवीत एक आणि समोरच्याकडे सात. इथे लीव्हचे आकडे फेकून द्या. आठही शक्यता एकेक करून बघायच्या: पिशवीतली टाइल अमुक असेल तर मी जिंकतो का? ज्या चालीत आठांपैकी जास्त वेळा जिंकता ती चाल. सरासरी किती गुणांनी, याला इथे महत्त्व नाही. (स्पर्धेत सारख्या विजयांवर स्प्रेडने, म्हणजे एकूण गुणफरकाने, क्रम लागतो हे खरं, पण एक गुणाचा विजयही विजयच.)

उदाहरण घ्या. तुम्ही १२ ने पुढे. न दिसलेल्या टाइल: डी, ई, ई, जी, एल, ओ, क्यू, आर. यू एकही उरलेला नाही आणि बोर्डावरचे यू सगळे कोंडलेले. क्यू बसेल असा एकच उघडा आय बोर्डावर आहे, आणि त्याच्या आधीचं घर अक्षर-दुप्पट. म्हणजे क्यू-आय तिथे २१ गुणांचा. तुमच्यापुढे दोन चाली: २४ गुणांची, जी तो आय उघडा ठेवते, आणि १५ गुणांची, जी तो झाकते.

क्यू समोरच्याकडे असण्याची शक्यता आठात सात. झाकलात तर त्याचे २१ गेले आणि तुम्ही टाइल संपवल्यावर त्याच्या क्यूचे दुप्पट म्हणजे २० तुम्हाला मिळाले. ४१ चा फरक. आठात एकदा क्यू पिशवीतून तुमच्याच हाती येतो आणि तुमची स्वतःची जागा तुम्हीच बुजवलेली असते, तेव्हा तोच फरक उलटा. म्हणजे आठात सात वेळा झाकणंच फायद्याचं, आणि सरासरी काढली तरी तेच निघतं: ४१ च्या पाऊण पट साधारण ३१, त्यातून सोडलेले ९ वजा, २२ गुणांचा फायदा. १५ ची चाल.

क्यू अडकलेला खेळाडू टाइल संपवू शकत नाही हेही लक्षात ठेवा. बोर्डावर छोट्या जागा असतील तर तुम्ही घाई न करता दोन-दोन टाइल लावत गुण काढू शकता. मात्र तोही बाकीच्या सहा टाइलचे गुण करत असतो, तेव्हा दोघांच्या उरलेल्या चाली मांडून मगच लांबवा.

आठात सात हा आकडा सुद्धा आंधळेपणाने घेऊ नका. समोरच्याने मागच्या दोन चालींत एकेक-दोन-दोन टाइल हलक्या गुणांना टाकल्या असतील तर तो बिंगो जुळवतोय, आणि बिंगो जुळवणाऱ्याच्या रॅकवर क्यू बहुधा नसतो. उलट उघडा आय सोडून तो दुसरीकडे २५-३० चं काही लावत असेल, तरीही क्यू नसण्याकडेच कल. आय झाकला गेल्यावर त्याची चुळबुळ दिसली तर मात्र समजा.

पिशवीत चार-पाच टाइल असताना अगदी नेमकी रिकामी करण्याआधी थांबा. पाच टाइल आहेत आणि तुम्ही पाच लावल्यात, तर पुढची चाल समोरच्याची, पिशवी रिकामी, आणि ट्रॅकिंग करत असेल तर तुमच्या सातही टाइल त्याला माहीत. त्याने तेव्हा बिंगो लावला तर डाव तिथेच संपतो आणि तुमच्या रॅकवरच्या सातही टाइलचे दुप्पट गुण त्याला जातात. त्याऐवजी चार लावून एक आत ठेवली, तर बिंगोनंतर त्याला ती एक टाइल उचलावी लागते आणि तुम्हाला सात टाइलनिशी निदान एक चाल मिळते. पुढे असताना, आणि समोरच्याच्या हाती बिंगोचा माल असावा अशी शंका असताना, एक टाइल मागे ठेवणं बहुतेक वेळा बरोबर. मागे असाल आणि तुम्हालाच बिंगो हवा असेल, तर जास्तीत जास्त टाइल उचला.

---

पाच_गुण_दंड

कोणी चॅलेंजबद्दल (समोरच्याचा शब्द यादीत तपासायला लावण्याबद्दल) बोललं नाही म्हणून थोडक्यात. आंतरराष्ट्रीय कॉलिन्स स्पर्धांत चुकीच्या चॅलेंजचा दंड सहसा ५ गुण. समोरच्याने ७२ गुणांचा बिंगो लावला आणि तुम्हाला तो खोटा असण्याची फक्त दहा टक्के शंका आहे. चॅलेंज करून सरासरी साडेचार गुण जातात, सात मिळतात. करा. शब्द परत गेला तरी तीच अक्षरं त्याच्याकडे राहतात, तेव्हा फायदा कागदावर दिसतो त्याहून थोडा कमी. पण त्याच्या सातही टाइल तुम्हाला दिसल्या, आणि त्या रांगा तुम्ही आता बुजवू शकता. याउलट १६ गुणांच्या शब्दावर दहा टक्के शंका असेल तर गप्प बसा.

अमेरिकेत चुकीचं चॅलेंज केलं तर चालच जाते. तिथले लेख आणि व्हिडिओ बघून 'शंका आली तर सोडून द्या' हा सल्ला इथे आणू नका. तिथल्या यादीवर ठीक असलेलं खोटे शब्द लावण्याचं धाडसही इथे महाग पडतं, कारण ५ गुणांत कोणीही तपासून घेतं.

घड्याळ: २५ मिनिटांच्या वर प्रत्येक मिनिटाला १० गुण कापतात. प्रत्येकी साधारण बारा-तेरा चाली. पिशवीचा_तळ म्हणतात ते आठ शक्यतांचं गणित करायचं असेल तर शेवटच्या चार चालींसाठी निदान सहा मिनिटं हवीत. सुरुवातीच्या चालींत ३० आणि ३१ गुणांमध्ये चार मिनिटं घासाघीस केली की ती उरत नाहीत.

---

खोडरबर

सातवी_टाइल, तुमचं मान्य, पण क्वॅकलच्या आकड्यांबद्दल एक सावधगिरी कोरा_ब्लँक यांच्यासाठी. ते लीव्हचे आकडे सरासरी बोर्डावरचे आहेत. बोर्ड गच्च झाला, बिंगोची रांगच उरली नाही, तर ई-आर-टीचे ५ गुण कुठून येणार? तिथे एच, वाय, एक्स, एम यांचा भाव वाढतो, कारण ही अक्षरं दोन-तीन घरांच्या फटीत गुण काढतात. बंद बोर्डावर बिंगोची अक्षरं साठवत बसणं हा मधल्या पातळीवरच्या पराभवांचा मोठा धागा आहे.

दुसरं, सिम्युलेशन चालवताना, म्हणजे पुढच्या चाली स्वतःच खेळवून बघताना, तो प्रोग्रॅम समोरच्याला अगदी यादृच्छिक रॅक देतो. समोरच्याने नुकत्याच सहा टाइल ठेवून एकच बदलली, तर त्याचा रॅक यादृच्छिक नाही. सिम्युलेशनमध्ये प्रतिस्पर्ध्याची माहीत असलेली अक्षरं भरायची सोय आहे, ती वापरा. चॅलेंजमध्ये परत गेलेल्या टाइल तर हमखास भरा. बघा, वरच्या दोन चालींचा क्रम पुष्कळदा उलटतो.

---

कोरा_ब्लँक

आभार. उद्याच्या डावांचे रॅक लिहून घेतो आणि प्रतिस्पर्ध्याची अक्षरं भरून व न भरता, दोन्ही सिम्युलेशन इथेच टाकतो. ज्या चालीत क्रम उलटला ती पूर्ण बोर्डासकट देईन.